गुणपत्रिका नेमकी कुणाची?

२०१८ साली महाराष्ट्रात दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला. २०१९ साली तो ७७.१० टक्क्यांवर आला. २०२० मध्ये ९५.३० टक्के झाला आणि २०२१ मध्ये तर ९९.९५ टक्के मुले उत्तीर्ण झाली. परीक्षेला बसणारी मुले सोळा लाखांच्या आसपास धरली, तर २०१९ मधली बारा टक्क्यांची घसरण म्हणजे जवळजवळ दोन लाख मुले. एका वर्षात दोन लाख मुलांची बुद्धी आटली आणि पुढच्याच वर्षी ती परत आली, असे कोणी म्हणणार नाही. झाले ते इतकेच की २०१९ मध्ये अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले वीस-वीस गुण काढून घेतले होते. पुढच्या वर्षी ते परत दिले. २०२१ मध्ये करोनामुळे लेखी परीक्षा झालीच नाही. मुले त्याच गावांतली, त्याच वर्गांतली होती. माप बदलले आणि मापाबरोबर निकाल बदलला.

हे आकडे आधी ठेवण्याचे कारण असे, की पुढे ज्या मुलांबद्दल लिहायचे आहे त्यांच्याविषयी आपण फार लवकर निकाल देऊन मोकळे होतो. पालघर जिल्ह्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या उतरणीवर जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके आहेत. इथे दहांतले नऊजण आदिवासी: वारली, कोकणा, महादेव कोळी, मल्हार कोळी, ठाकूर, कातकरी. या भागात नव्याने बदलून आलेले शिक्षक, तपासणीला आलेले साहेब, वर्तमानपत्रात एखादी पाहणी वाचून हळहळणारा शहरातला वाचक, आणि कधी कधी थकलेला बापसुद्धा, एकच वाक्य बोलतो: ‘पोराला डोकंच नाही.’ बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसते. चौथीतल्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येत नाही, हातच्याची वजाबाकी जमत नाही, हे त्याला समोर दिसत असते. माझे म्हणणे असे की ते न येणे खरे आहे, ते झाकण्यात काही अर्थ नाही. पण त्यावरून डोक्याविषयी काढलेला निष्कर्ष चूक आहे. तो चूक का, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्या एका वाक्यावर मुलांची आयुष्ये वळतात.

महाराष्ट्रात ‘बुद्धिमत्ता चाचणी’ हा चक्क एका परीक्षेचा विषय आहे. ती म्हणजे शाळांतली शिष्यवृत्ती परीक्षा. तिच्या दुसऱ्या पेपरात तृतीय भाषेला ५० गुण आणि बुद्धिमत्ता चाचणीला १०० गुण. प्रश्नांच्या जाती ठरलेल्या आहेत: संख्यामालिका पूर्ण करा, गटात न बसणारे पद ओळखा, आरशातली प्रतिमा निवडा, सांकेतिक भाषेत अमुक शब्द कसा लिहाल, रांगेत डावीकडून सातवा असलेला मुलगा उजवीकडून कितवा. या विषयाची मार्गदर्शके मिळतात, सराव संच मिळतात, जादा तास होतात. जिथे गुरुजी जूनपासून रोज एक प्रश्नसंच सोडवून घेतात तिथली मुले यादीत चढतात. मेहनती गुरुजींना त्याचे श्रेय द्यावे तेवढे थोडे. पण गुरुजींच्या मेहनतीने इतके वाढणारे माप मुलाच्या जन्मजात बुद्धीचे आहे, असे मग म्हणता येत नाही. ते गुरुजी किती दिवस वर्गावर होते याचेही माप आहे. ज्या पाड्यावरच्या शाळेत दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात आणि त्यातले एक कायम कसली तरी माहिती भरायला पंचायत समितीत गेलेले असतात, तिथल्या मुलाने आरशातली प्रतिमा चुकवली तर नेमके कोण चुकले?

बुद्धी मोजायची ही कल्पना आली कुठून, ते थोडे मागे जाऊन पाहू. फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचे झाल्यावर वर्गात सगळ्या तऱ्हेची मुले येऊ लागली. त्यांतल्या कोणाला जादा मदत लागेल हे शिक्षकाच्या मर्जीवर न सोडता कसे ओळखायचे, हा प्रश्न सरकारपुढे होता. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ या दोघांनी १९०५ मध्ये सोप्याकडून अवघडाकडे जाणारे तीस प्रश्न आणि कृती तयार केल्या. हेतू एकच होता, मदत कुणाला द्यायची ते कळावे. बुद्धी ही ठरलेली, न बदलणारी रक्कम आहे असे म्हणणाऱ्यांवर बिने यांनी १९०९ मध्ये पुस्तकातून कडक टीका केली. मागे पडलेल्या मुलांचे लक्ष, स्मरण, विचार वाढावेत म्हणून त्यांनी व्यायामही तयार केले होते. १९११ मध्ये ते वारले. वर्षभरात जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची रीत सुचवली आणि १९१६ मध्ये अमेरिकेत लुईस टर्मन यांनी त्यावरून बुद्ध्यंक प्रचारात आणला. मदत शोधायला काढलेली चाचणी अशी माणसाच्या नावापुढे लागणारा आकडा झाली.

ही चाचणी मराठीत आणण्याचे मोठे काम डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला केले. कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांनी तिची नवी आवृत्ती तयार केली आणि १९४० मध्ये त्यावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. ‘बिने-कामत चाचणी’ आजही आपल्याकडे दवाखान्यांत आणि प्रमाणपत्रांसाठी वापरली जाते. कामतांनी जे केले त्यात एक मोठी समज आहे: प्रश्नांचे भाषांतर करून भागत नाही. प्रश्न इथल्या मुलांना घालून पाहावे लागतात, कोणत्या वयाला काय जमते ते पुन्हा ठरवावे लागते. म्हणजे प्रत्येक चाचणीच्या पोटात ती ज्या मुलांवर बेतली गेली त्या मुलांचे जग असते. धारवाडच्या मुलांसाठी पॅरिसचे माप चालत नव्हते हे आपल्याच माणसाने नव्वद वर्षांपूर्वी ओळखले. पुण्या-मुंबईच्या मुलांवर बेतलेले माप मोखाड्याला चालेल की नाही, हा प्रश्न मात्र आपण अजून नीट विचारत नाही.

इथे एका गोष्टीची कबुली आधीच दिली पाहिजे, नाहीतर लेख एकतर्फी होईल. या चाचण्या पोकळ नाहीत. शाळेतले गुण आणि बुद्धिमत्ता चाचणीतले गुण यांचा संबंध अनेक देशांत, हजारो मुलांवर तपासला गेला आहे. तो साधारण ०.५ च्या आसपास येतो. संख्याशास्त्राच्या भाषेत याचा अर्थ असा की मुलामुलांच्या गुणांत जो फरक पडतो, त्यातला रुपयातले चार आणे एवढा भाग चाचणीतल्या फरकाशी जुळतो. उरलेले बारा आणे दुसरीकडून येतात: चिकाटी, घरचे वातावरण, शिक्षक, भाषा, आजारपण, परीक्षेची सवय, भीती. शिवाय ही चार आणे जुळणी बहुतेक अशा मुलांमधली आहे ज्यांना शाळा मुळात सारखी मिळालेली असते. जिथे शाळाच सारखी मिळालेली नाही तिथे ते चार आणेही कशाचे धरायचे हे ठरवणे कठीण.

गटात न बसणारे पद ओळखण्याचाच प्रश्न घेऊ. १९३१-३२ मध्ये अलेक्झांडर लुरिया हे रशियन मानसशास्त्रज्ञ उझबेकिस्तानातल्या खेड्यांत गेले. शाळा न पाहिलेल्या शेतकऱ्यांना त्यांनी चार चित्रे दाखवली: हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका. वेगळे काय? शाळकरी उत्तर ओंडका, कारण बाकीची तिन्ही अवजारे. शेतकऱ्यांना ते पटेना. ओंडका काढला तर करवतीने कापायचे काय, असे त्यांचे म्हणणे पडे. उत्तर ‘चूक’ धरले जाते, पण त्यात तर्क आहे आणि तो कामाचा तर्क आहे. आता हाच प्रश्न जव्हारकडे आणून पाहू. भात, नागली, वरई, राब. गटात न बसणारे कोणते? मार्गदर्शकातले उत्तर राब. बाकी तिन्ही धान्ये. पण ज्या मुलीने मार्च-एप्रिलमध्ये आईबरोबर डोंगरातून पाला तोडून आणला आहे, शेण, पाला, गवत, माती असे थर लावून रोपांची जागा भाजताना पाहिली आहे, तिला ठाऊक आहे की राब चांगला झाला नाही तर तणाचे बी मरत नाही, रोप जोमाने येत नाही आणि आवणाच्या, म्हणजे लावणीच्या, वेळी हातात काही नसते. तिच्या लेखी ही चारही पदे एकाच कामाची आहेत. वस्तूंना त्यांच्या जातीप्रमाणे वेगळे काढणे ही शाळेने शिकवलेली सवय आहे. फार उपयोगी सवय आहे, विज्ञान तिच्यावरच उभे आहे, आणि या मुलीला ती मिळालीच पाहिजे. पण ती न मिळालेली असणे आणि विचार करता न येणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

या मुलांना काय येते ते कोणत्याच पेपरात विचारले जात नाही, हे मला सगळ्यात जास्त सलते. पावसाच्या पहिल्या सरींनंतर रानात शेवळे उगवतात. ती तशीच शिजवून खाल्ली तर घशाला भयंकर खाज सुटते. म्हणून त्यांत काकडाची आंबट फळे घालतात. कडूकंद तर तसाच खाल्ला तर बाधतो. त्याच्या पातळ चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात उकडायच्या, मग वाहत्या पाण्यात ठेवून कडूपणा जाऊ द्यायचा. दहा-बारा वर्षांच्या मुलीला यातले कितीतरी माहीत असते. पाने कोवळी कधी, फळ कशानंतर, कोणत्या ओढ्याला खेकडे, कोणते अळंबे हात न लावण्याचे. चुकले तर इथे लाल शाईची फुली पडत नाही, पोट बिघडते किंवा जीव जातो.

केनियात रॉबर्ट स्टर्नबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका याच गोष्टीचा अभ्यास केला. तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. किसुमूजवळच्या खेड्यातल्या बारा ते पंधरा वर्षांच्या ८५ मुलांची त्यांनी दोन प्रकारे परीक्षा घेतली. एक, रानातल्या औषधी वनस्पतींची: कोणत्या दुखण्याला काय, किती, कसे. दुसरी, नेहमीची शब्दसंपत्ती आणि बुद्धिमत्तेची. वनस्पतींच्या ज्ञानात जी मुले पुढे होती, ती शब्दसंपत्तीच्या चाचणीत मागे असलेली दिसली. दोन्ही गुण उलट दिशेने जात होते. अभ्यासकांनी याचे कारण असे दिले की तिथल्या घरांत दोन वाटा आहेत. ज्या मुलाकडून शाळेची आशा त्याला शाळेत लावायचे, बाकीच्यांना गावातले, रानातले शिकवायचे. मूल आपली शक्ती जिथे लावायला मिळते तिथे लावते. मोखाड्याच्या पाड्यावर थोरली शाळा सोडून धाकट्याला सांभाळते आणि धाकटा आश्रमशाळेत जातो, तेव्हा हीच वाटणी होत असते. पुढे धाकट्याची गुणपत्रिका निघते. थोरलीची कुठेच निघत नाही.

आता बाजारात जाऊ. उन्हाळ्याच्या शेवटी आठवडे बाजाराला बाया-पोरी करवंदे, जांभळे, कैऱ्या घेऊन बसलेल्या दिसतात. वाटे मांडलेले. दहाला एक, तीन घेतले तर पंचवीस. गिऱ्हाईक चार वाटे उचलते, शंभराची नोट पुढे करते. मुलगी बोटे न मोडता पासष्ट रुपये परत देते. तिने काय केले ते पाहा: तिनाचे पंचवीस, वर एक दहा, पस्तीस, पस्तिसाला पाच दिले की चाळीस, मग साठ दिले की शंभर. हीच मुलगी वर्गात शंभरातून पस्तीस वजा करताना अडते. शून्यातून पाच जात नाहीत, शेजारच्याकडे मागायला जावे तर तिथेही शून्य, हातचा आणायचा तो त्याच्याही पलीकडून. उत्तर पंच्याहत्तर येते किंवा एकशे पस्तीस.

ही नुसती माझी कल्पना नव्हे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्या नुनेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. गिऱ्हाईक होऊन विचारलेली गणिते मुलांनी शंभरात ९८ बरोबर सोडवली. तीच बेरीज-वजाबाकी कागदावर आकड्यांत दिली तेव्हा बरोबर उत्तरे ३७ टक्के. पाचच मुले होती म्हणून कोणी शंका घेईल, तर आपल्याकडचा अभ्यास मोठा आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि इतरांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४०० हून अधिक मुलांवर तो केला आणि २०२५ मध्ये तो ‘नेचर’मध्ये आला. बाजारातली मुले गुंतागुंतीचे हिशेब तोंडी करत होती आणि शाळेतल्या साध्या उदाहरणाला अडत होती. त्याच अभ्यासात उलट बाजूही होती, ती फारशी सांगितली जात नाही: बाजारात काम न करणारी शाळकरी मुले वहीतली गणिते करत होती, पण बाजारातला हिशेब आला की त्यांचीच गाडी अडत होती. म्हणजे दोन्हीकडची मुले आपापल्या जागी शहाणी आणि दुसऱ्याच्या जागी गोंधळलेली. दोष कुणाच्या मेंदूत शोधायचा? वर्ग आणि बाजार यांच्यामधला पूल कोणी बांधलेला नाही, आणि तो बांधणे हे शाळेचे काम आहे. करवंदांच्या वाट्यांपासून सुरुवात करून हातच्याच्या वजाबाकीपर्यंत येता येते. ती वाट चालणारे शिक्षक या दोन तालुक्यांत आहेत, त्यांना पाठ्यपुस्तकाने आणि वेळापत्रकाने मोकळीक दिली पाहिजे.

मात्र बाजारातले गणित येते म्हणून शाळेतले नाही आले तरी चालेल, असे कोणी म्हणू लागला तर ते या मुलांवर दुसरे अन्यायाचे ओझे होईल. सातबारा वाचता आला पाहिजे, वीटभट्टीच्या मुकादमाच्या वहीत काय लिहिले आहे ते कळले पाहिजे, वनहक्काच्या दाव्याचा कागद भरता आला पाहिजे. रानातल्या ज्ञानाचे कौतुक करून मुलाला अक्षरांपासून दूर ठेवणे ही शहरी माणसाची सोय आहे.

प्रश्नांमधले जग हाही एक मोठा विषय आहे. गणितात नळ आणि टाकीची उदाहरणे असतात: एक नळ टाकी चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत. मोखाडा तालुक्यात मध्य वैतरणा धरण आहे, त्याचे पाणी मुंबईला जाते. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो आणि मुली हंडे घेऊन झऱ्यावर जातात. नळाने टाकी भरण्याचे उदाहरण त्या मुलीला सोडवता आले पाहिजे हे खरे, पण तिला ते समजण्याआधी त्यातला नळ समजून घ्यावा लागतो. मुंबईच्या मुलाला लागत नाही. मग प्रश्नाची भाषा. घरी वारली, कोकणा किंवा कातकरी बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा पुस्तकातली मराठी त्याला अर्धीमुर्धी कळते. तोंडी सूचना पटकन कळल्या नाहीत की ते गप्प बसते. गप्प बसलेल्या मुलावर ‘मंद’ हा शिक्का बसायला एक सत्र पुरते. त्या वेळी मोजले गेले ते मुलाचे प्रमाण मराठी, तेही पहिल्या काही महिन्यांतले.

यावर उपाय म्हणून चित्रांच्या चाचण्या काढल्या गेल्या. नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेत ८० पैकी ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे असतात आणि ते आकृत्यांचे असतात. चित्राला भाषा नसते, तेव्हा इथे तरी सगळे समान पातळीवर, असे वाटते. पण न्यूझीलंडचे जेम्स फ्लिन यांनी अनेक देशांची जुनी-नवी आकडेवारी तपासली, तेव्हा विसाव्या शतकात बुद्धिमत्ता चाचण्यांचे गुण दर दशकाला साधारण तीन अंकांनी वाढत गेल्याचे दिसले, आणि सर्वांत मोठी वाढ आकृत्यांच्याच चाचण्यांत होती. माणसाचा मेंदू दोन-तीन पिढ्यांत इतका बदलत नाही. बदलली ती शाळा, कामाची तऱ्हा, घरात येणारी छापील चित्रे, आकृतीकडे नुसती आकृती म्हणून पाहण्याची सवय. ज्याला आपण सर्वांत निर्मळ माप समजत होतो, तेच काळाने आणि परिस्थितीने सर्वांत जास्त हलले.

जव्हार-मोखाड्यात परिस्थिती म्हणजे काय, ते दिवाळीनंतर कळते. भात झोडून झाले की कामासाठी घरेच्या घरे बाहेर पडतात. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्या, बांधकामे, रेती. सणाआधी घेतलेली उचल फेडायची असते. मागे म्हातारी माणसे असली तर मूल गावात राहते, नाहीतर तेही भट्टीवर जाते आणि शाळेच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे रेघ पडत जाते. विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या त्या याच मुलांसाठी. भट्टीवरच्या झोपडीला भोंगा म्हणतात. जून महिन्यात मूल परत वर्गात बसते तेव्हा सहा महिन्यांचा अभ्यास गेलेला असतो, आणि चाचणी मात्र त्याच्या इयत्तेची असते.

अभावाचा परिणाम मोठ्या माणसाच्या विचारावरही कसा होतो, हे तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांच्या अभ्यासातून दिसले. ‘सायन्स’ या नियतकालिकात तो २०१३ मध्ये आला. एकाच शेतकऱ्याला तोडणीच्या आधी, हात आखडलेला असताना, आणि तोडणीनंतर, पैसे आल्यावर, आकृत्यांची तीच चाचणी दिली. पैसे आल्यावर गुण वाढले. शेतकरी तोच, डोके तेच. आधी त्या डोक्यात कर्ज, किराणा आणि सावकार बसलेले होते, नंतर थोडी जागा मोकळी झाली. चाचणी कोणत्या महिन्यात घेतली यावर एका माणसाचे गुण बदलत असतील, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, घरातले धान्य संपत आलेले असताना, आईबाप भट्टीवर असताना घेतलेल्या परीक्षेत मोखाड्याच्या मुलाला मिळालेले गुण आपण कोणत्या खात्यात लिहिणार?

आणि भूक. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने बालके दगावली. तो प्रसंग राज्यभर गाजला. २०१६ मध्ये मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी तो पुन्हा आठवायला लावला. जगले-वाचलेल्यांचे काय, हे मात्र बातमीत येत नाही. आईच्या पोटात असल्यापासून पहिली दोन वर्षे मेंदू सर्वांत झपाट्याने वाढतो. त्या काळात पुरेसे अन्न, लोह, आयोडीन मिळाले नाही, सारखे जुलाब आणि ताप येत राहिले, तर उंची खुंटते आणि शिकण्याची शक्तीही मार खाते. इथे मी मघाच्या बोलण्याला मर्यादा घालतो: सगळेच मापाचे दोष नाहीत. कमी गुणांमागे कधी कधी मेंदूची खरीच झालेली हानी असते. पण ती हानी जन्मखुणेसारखी आलेली नसते, ती केली गेलेली असते. आणि तिच्यातले बरेचसे भरूनही काढता येते.

जमैकात किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ मध्ये उंची खुंटलेली १२९ बालके निवडली गेली. काहींना दुधाची पावडर दिली, काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जाऊन आईला घरच्याच वस्तूंची खेळणी करून मुलाशी कसे खेळायचे, कसे बोलायचे ते दाखवी. काहींना दोन्ही मिळाले, काहींना काहीच नाही. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी पाहिले तर ज्यांच्या घरी ती सेविका गेली होती त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. नुसते दूध मिळालेल्यांत असा टिकाऊ फरक दिसला नाही. आपल्या अंगणवाडीताईंच्या हातात नेमकी हीच ताकद आहे, आणि आपण त्यांचा दिवस नोंदवह्या आणि मोबाईलवरची माहिती भरण्यात घालवतो.

ही कारणे बाजूला ठेवून गुणांवरून समूहाविषयी बोलण्याची चूक जगाने एकदा करून पाहिली आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सतरा लाखांहून अधिक सैनिकांच्या बुद्धीची चाचणी घेतली. कार्ल ब्रिगॅम यांनी १९२३ मध्ये त्यावर पुस्तक लिहून काही वंश मुळातच कमी बुद्धीचे ठरवले. १९३० मध्ये त्यांनी स्वतःच आपला निष्कर्ष निराधार होता असे लिहिले. परक्या भाषेत वाढलेल्या माणसांची अशी तुलना होऊ शकत नाही हे त्यांच्या ध्यानात आले होते. मधल्या सात वर्षांत ते पुस्तक बाहेरून देशात आलेल्या माणसांविरुद्ध वापरून झाले होते. ‘आदिवासी मुलांना गणित जमत नाही’ हे आपल्याकडे सहज बोलले जाणारे वाक्य याच जातीचे आहे.

पालघर जिल्ह्याने त्याला उत्तरही दिलेले आहे, आणि ते सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ मध्ये डहाणू तालुक्यातल्या कोसबादला आल्या. मुले बालवाडीत येत नव्हती. ‘यांना शिक्षणाची आवडच नाही’ असे म्हणून त्या थांबल्या नाहीत. मुले अंगणात खेळत होती म्हणून बालवाडी अंगणात नेली, तीच अंगणवाडी. मुले गुरे चारायला जात होती म्हणून शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. मुली धाकट्यांना सांभाळत होत्या म्हणून शाळेला पाळणाघर जोडले. शिंपले, बिया, पाने, माती हे शिकवण्याचे साहित्य झाले. मूल शिकत नाही तर आपल्या शाळेत काय चुकते आहे, असा प्रश्न त्यांनी आधी स्वतःला विचारला. बिने यांनी चाचणी काढली तेव्हा त्यांच्या मनातला प्रश्न हाच होता.

म्हणून परीक्षा बंद करा, असे मी म्हणत नाही. मुलाला वाचता येते की नाही हे दर काही महिन्यांनी पाहिलेच पाहिजे, आणि जव्हार-मोखाड्यात तर इतर कुठल्याही तालुक्यापेक्षा जास्त काळजीने पाहिले पाहिजे. फक्त त्या गुणांच्या शेजारी आणखी काही रकाने असावेत, ही शिक्षण खात्याला, आदिवासी विकास विभागाला आणि प्रत्येक गुरुजी-बाईंना विनंती आहे. मूल वर्षात किती दिवस वर्गात होते. शिक्षक किती दिवस वर्गात होते. घरी कोणती भाषा बोलतात आणि पहिल्या दोन वर्षांत ती वर्गात वापरली गेली का. स्थलांतर झाले का, किती महिने. वजन, उंची आणि रक्तातले लोह किती. पहिलीच्या तोंडी चाचण्या मुलाच्या घरच्या भाषेत घ्याव्यात, गणिताची सुरुवात तोंडी हिशेबाने व्हावी, आणि जे मूल भट्टीवरून परतले आहे त्याची चाचणी जूनमध्ये न घेता आधी दोन महिने त्याला शिकवावे. हे रकाने भरल्यावरही ज्याला वाटेल त्याने ‘कच्चा’ असा शेरा लिहावा, पण तो कोणाच्या नावापुढे लिहायचा हे ठरवण्याआधी सगळे रकाने एकदा वाचावेत.